अर्धं वाक्य

एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या टोकाला, एक पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्याला एकच मुलगी. शाळा सुटली की ती दप्तर घरात टाकायची आणि गिरणीत येऊन बसायची. डबे नंबराने लावायचे, वजन करायचं, वहीत मांडायचं, एवढं तिचं काम.

दळणाला थांबलेली माणसं बोलतात. गिरणीचा आवाज मोठा, म्हणून मोठ्याने बोलतात. सुनेचं, सासूचं, पावसाचं, कर्जाचं, दुखऱ्या गुडघ्याचं, सगळं तिथे निघायचं. मुलगी ऐकायची आणि लगेच काहीतरी सांगायची. कुणाची सून माहेरी गेली असेल तर म्हणायची, "काकू, तुम्हीच आधी फोन करा." कुणाचा मुलगा नापास झाला असेल तर म्हणायची, "रागावू नका त्याला." बायका कौतुकाने म्हणायच्या, "पोरगी समजूतदार. हिला माणसाचं मन कळतं."

ऐकून ऐकून मुलीलाही तसंच वाटू लागलं.

गिरणीच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर तिची आत्या बसायची. नवरा गेल्यावर आत्या माहेरी परत आली होती. पहिलं वर्ष ती रडली. मग रडणंही थांबलं. जेवण कमी झालं, झोप कमी झाली, बोलणं तर फारच कमी झालं. बोलायला सुरुवात करायची आणि मधेच थांबायची, हातातून दोरा निसटावा तशी. "मला जरा…" म्हणायची आणि गप्प व्हायची. मुलगी लगेच म्हणायची, "चहा हवा का?" आत्या मान हलवायची. चहा यायचा.

एकदा गिरणीत गर्दी होती. एक गिऱ्हाईक आत्याकडे बघून हसत म्हणालं, "हिला एकदा येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखवून आणा की."

दोनचार जण हसले. मुलगी उठून ओरडली, "माझी आत्या तसली नाही!" वडिलांनी हात वर करून बटण बंद केलं. गिरणी थांबली. पट्टा फिरत फिरत गप्प झाला. वडील काही बोलले नाहीत. त्या माणसाचा डबा त्यांनी उचलला, जसाच्या तसा त्याच्या पायाशी ठेवला आणि बटण पुन्हा चालू केलं.

त्या रात्री मुलीने ठरवलं, आपण मनाचं शिक्षण घ्यायचं.

बारावी झाली. मुलगी सायन्सला होती आणि मार्क बरे होते. मानसशास्त्र घ्यायचं म्हटल्यावर घरात आणि घराबाहेर बोलणी सुरू झाली. "सायन्सची मुलगी आर्ट्‌सला?" हे वाक्य तिने त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की ते कोण म्हणालं आणि कोण नाही हे तिला आठवेना.

मामा शहरातून एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. खाजगी विद्यापीठ, चार वर्षांची पदवी, आणि पदवीच्या नावातच 'क्लिनिकल' हा शब्द. फी लाखांत. मामा म्हणाले, "नाव बघ. हे नाव दारावर लागलं की माणसं रांग लावतील." बाजारातल्या एका क्लासवाल्याने सांगितलं, "एवढं कशाला? तीन महिन्यांचा समुपदेशनाचा कोर्स आहे. सर्टिफिकेट फ्रेम करून मिळतं." चुलतभाऊ म्हणाला, "घरबसल्या दूरशिक्षणातून कर. गिरणीही सांभाळता येईल."

मुलीच्या मनात मात्र तो एकच शब्द बसला होता. क्लिनिकल. रात्री ती माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायची. एकदा वडिलांनी ते हातात घेतलं, फीचा आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "लागलं तर गिरणी तारण ठेवू."

ते ऐकून मुलीला झोप लागली नाही.

आत्याला तोवर औषध सुरू झालं होतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी यायचे. मुलगीच आत्याला घेऊन जायची. एका खेपेला आत्या बाहेर बाकावर बसली आणि मुलीने डॉक्टरांना विचारलं, "डॉक्टर, मला तुमच्यासारखं व्हायचंय. मी सायकॉलॉजी घेते."

डॉक्टर दिवसभराचे पेशंट तपासून दमले होते, तरी त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्यासारखं व्हायचं तर सायकॉलॉजी नाही, आधी एम.बी.बी.एस. आणि मग मानसरोगाचं पुढचं शिक्षण. मी सायकियाट्रिस्ट, औषध लिहितो. सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही. तो तपासण्या करतो, बोलून उपचार करतो. दोघांची वाट पहिल्या पावलापासून वेगळी आहे. तुला कुठली हवी?"

मुलगी विचारात पडली. तिला वाटत होतं, वाट एकच आहे.

"बोलण्याची," ती म्हणाली.

डॉक्टर बोटांवर मोजू लागले. "मग ऐक. पदवीची तीन वर्षं, नव्या पद्धतीत ऑनर्स केलंस तर चार. मग एम.ए. किंवा एम.एस्सी. मग रुग्णालयात राहून दोन वर्षांचं प्रशिक्षण. इतकी वर्षं त्याला एम.फिल. म्हणत आलो, आता नावं आणि रचना बदलताहेत. पण मूळ गोष्ट तीच. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आहे, तिची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्या नोंदवहीत नाव, त्यानंतरच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. जागा थोड्या असतात, पहिल्या खेपेला मिळतीलच असं नाही. सात वर्षं धर, आठही धर."

मुलीने माहितीपत्रक पुढे केलं. डॉक्टरांनी तो शब्द वाचला. "पदवीच्या नावात शब्द असला म्हणून हुरळून जाऊ नकोस. कशाला मान्यता आहे आणि कशाला नाही, हे परिषदेच्या यादीत बघायचं, कॉलेजच्या पत्रकात नाही. आणि तीन महिन्यांत समुपदेशक करून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. पी हळद आणि हो गोरी, असं माणसाच्या दुःखाच्या बाबतीत चालत नाही. दूरशिक्षणाचंही मनातून काढ."

निघताना ते म्हणाले, "जिल्ह्याच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या एक बाई आहेत. प्रवेश कुठेही घे, पण आधी त्यांना भेट."

मुलगी एस.टी.ने जिल्ह्याला गेली. कॉलेज जुनं होतं. मानसशास्त्र विभाग जिन्याखालच्या दोन खोल्यांत होता. बाई निवृत्तीला आल्या होत्या. मुलीने आपली सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, मला माणसाचं मन कळतं, सगळे म्हणतात. फक्त कॉलेज कुठलं घेऊ ते सांगा."

बाई काही म्हणाल्या नाहीत. आतल्या खोलीतून एक लाकडी पाट आणला. त्यावर एक कागद लावला. कागदावर एक चांदणी होती, दुहेरी रेघांची, म्हणजे एका मोठ्या चांदणीच्या आत तशीच लहान चांदणी. पाटाच्या मागे आरसा उभा केला. वर एक पत्र्याचा आडोसा बसवला, की कागद थेट दिसू नये, आरशातूनच दिसावा. मुलीच्या हातात पेन्सिल दिली.

"दोन रेघांच्या मधून चांदणी काढ. रेघेला पेन्सिल लागली की एक चूक. आरशात बघूनच."

मुलीला हसू आलं. एवढंच? तिने पेन्सिल टेकवली, वर न्यायला गेली, तर पेन्सिल खाली आली. खाली न्यायला गेली तर वर गेली. तिरक्या रेघेवर तर हात जागीच अडकला. डोळ्यांना रस्ता दिसत होता आणि हात भलतीकडे जात होता. तिने जोर लावला, तशी टोकाने कागद फाटला. कानशिलं गरम झाली. बाई शेजारी घड्याळ घेऊन बसल्या होत्या. तोंडाने एक अक्षर नाही.

चांदणी पुरी झाली तेव्हा तीन मिनिटं बारा सेकंद झाली होती आणि चुका एक्केचाळीस.

"लिही," बाई म्हणाल्या आणि नवा कागद लावला.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या खेपेला मुलीच्या लक्षात आलं की घाई केली की हात जुन्या सवयीने पळतो. प्रत्येक कोपऱ्याशी तिने पेन्सिल थांबवली, आधी बघितलं, मग हलवली. दहाव्या खेपेला अठ्ठेचाळीस सेकंद आणि सात चुका.

"आता डाव्या हाताने," बाई म्हणाल्या.

मुलीने डाव्या हाताने कधी रेघही ओढली नव्हती. तरी चांदणी निघाली, पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळ बरी. तिने आश्चर्याने आपला डावा हात पाहिला. बाई पहिल्यांदा हसल्या. "एका हाताचा सराव दुसऱ्या हाताला पोचतो. हा प्रयोग जुना आहे. आमची मुलं पहिल्या वर्षापासून असले प्रयोग करतात आणि जर्नलमध्ये लिहितात."

मग त्यांनी एक कोरी वही काढून दिली. "आठ दिवस गिरणीत बस. समोरचं माणूस बोलत असताना तू मधेच बोललीस, त्याचं वाक्य पुरं केलंस किंवा न विचारता सल्ला दिलास, की एक रेघ ओढ. सुधारायचं म्हणून काही करू नकोस. फक्त मोज. आठ दिवसांनी ये, मग कॉलेजचं बोलू."

मुलगी हिरमुसली. तिला वाट विचारायची होती आणि बाईंनी रेघा ओढायला सांगितल्या.

वडील त्या दिवशी गिरणीचे दगड उघडून बसले होते. दर काही दिवसांनी दगडांना टाकी लावावी लागते, नाहीतर दगड गुळगुळीत होतात आणि पीठ दळण्याऐवजी भाजून निघतं. वडील छिन्नीने एकेक खाच पुन्हा खोल करत होते. मुलीने वही दाखवली. ते काम न थांबवता म्हणाले, "माझ्या वस्तादाने दोन वर्षं मला धान्य ओतू दिलं नाही. नुसती टाकी लावायला बसवलं. मला वाटायचं, हा मला शिकवत नाही. तेच शिकवत होता."

पहिल्या दिवशी सत्तावीस रेघा झाल्या. मुलीला खरं वाटेना. तिने पुन्हा मोजल्या. सत्तावीसच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण करतो हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकतीस. मग बावीस, एकोणीस. पाचव्या दिवशी बाजार होता, गर्दी होती, पुन्हा चोवीस. बाईंनी सुधारू नकोस म्हटलं होतं, पण रेघ ओढण्यासाठी पेन्सिल उचलायची म्हणजे क्षणभर थांबावं लागत होतं, आणि त्या क्षणभरात समोरचं माणूस पुढे बोलून जात होतं. सूनबाई माहेरी गेलेल्या काकूंना सल्ला नकोच होता. त्यांची सून रागावून गेली नव्हती, बाळंतपणाला गेली होती, आणि घर सुनं झालं एवढंच त्यांना सांगायचं होतं. इतके दिवस मुलीने ते ऐकलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी वीज गेली. गिरणी थांबली. गिऱ्हाइकं डबे ठेवून निघून गेली. मुलगी वही घेऊन बसली होती आणि कोपऱ्यात पोत्यांवर आत्या होती. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता आणि त्यात पीठ तरंगत होतं.

आत्या म्हणाली, "मला त्या दिवशी…"

आणि थांबली.

मुलीच्या ओठावर शब्द आले. तिने पेन्सिल घट्ट धरली. रेघ ओढावी लागू नये म्हणून नाही, खरंच पुढे काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही हे तिला त्या क्षणी कळलं म्हणून. उन्हाचा पट्टा वजनकाट्यावरून डब्यांवर सरकला. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"…त्या माणसाचं काही वाटलं नाही," आत्या म्हणाली. "येरवड्यालाही माणसंच राहतात. पण तू म्हणालीस, माझी आत्या तसली नाही. तेव्हा वाटलं, आणि असले तर? मग ही मला काय म्हणेल?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याचं अजून संपलं नव्हतं. ती पुन्हा थांबली, आणि मुलगीही थांबली.

"तू माझं बोलणं पुरं करतेस ना," आत्या म्हणाली, "ते माझं नसतं गं. मी नुसती मान हलवते. चहा येतो, मी पिते."

एवढं सलग आत्या कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. मग वीज आली, गिरणी सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. त्या दिवशीच्या रेघा अकरा होत्या.

आठ दिवस झाल्यावर मुलगी वही घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी आकडे वाचले. सत्तावीस, एकतीस, बावीस, एकोणीस, चोवीस, अकरा, आठ, सहा. "सरासरी काढ," त्या म्हणाल्या. मुलीने बेरीज केली, एकशे अठ्ठेचाळीस, आठाने भागली. साडेअठरा.

"आता सांग, साडेअठरा रेघा कुठल्या दिवशी होत्या?"

"कुठल्याच नाही."

"सरासरी बहुतेक वेळा कुणाचीच नसते," बाई म्हणाल्या. "आकडा खोटा नाही, पण तो म्हणजे माणूस नाही. म्हणून या विषयात संख्याशास्त्र शिकावं लागतं, आणि नीट शिकावं लागतं. सायन्स नको म्हणून इकडे आलेल्या मुलांना ते कळतं तेव्हा पहिलं वर्ष अर्धं संपलेलं असतं."

मग त्यांनी तिला बसवून घेतलं आणि सांगितलं. मनाचं शास्त्र दवाखान्यात नाही, प्रयोगशाळेत जन्मलं. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तिथून त्याची सुरुवात धरतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग झाला. एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने माणूस कसा विसरतो हे शोधायला अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली, ती स्वतःच, दिवसेंदिवस, आणि किती विसरलो ते मोजलं. १८८५ साली त्याने ते छापलं. "दुसऱ्याचं मन ओळखायला निघालेल्यांनी आधी स्वतःला मोजलं," बाई म्हणाल्या. "तू आठ दिवस तेच केलंस."

"मॅडम, मला मन कळत नाही," मुलगी हळूच म्हणाली. आणि तिने आत्याची हकीकत सांगितली.

बाईंनी ती पुरती ऐकून घेतली. मधे एकदाही बोलल्या नाहीत.

"आता कॉलेजचं बोलू," त्या म्हणाल्या. "बी.ए. की बी.एस्सी., या अक्षरांवरून अडू नकोस. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी कला शाखेत आहे, काही ठिकाणी विज्ञानात. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना आणि पुढे एम.ए.ला ती पदवी चालते ना, ते विचार. मग प्रयोगशाळा दाखवा म्हण. आणि मुलांची जुनी जर्नल्स मागून घे. जर्नलमध्ये खरी माणसं आणि खरे आकडे आहेत की एकाचं पाहून सगळ्यांनी उतरवलंय, ते एका नजरेत कळतं. शिकवणारे कायम आहेत की दर वर्षी बदलतात, तेही विचार. माझ्याच कॉलेजात ये असं मी म्हणणार नाही."

मुलगी मामांबरोबर शहरात गेली. विद्यापीठ देखणं होतं. एका गोड बोलणाऱ्या तरुणाने त्यांना थंडगार सभागृह दाखवलं, उपाहारगृह दाखवलं, पोहण्याचा तलाव दाखवला. मुलगी म्हणाली, "प्रयोगशाळा बघायची होती." तो तरुण किल्ली आणायला गेला आणि बऱ्याच वेळाने आला. खोली नवी होती. कपाटात उपकरणं ओळीने होती आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. चांदणीचा पाटही होता. आरशाला संरक्षक कागद तसाच चिकटलेला होता.

शहरात सगळीच कॉलेजं तशी नव्हती. तिने आणखी एक पाहिलं, तिथे प्रयोगशाळा गजबजलेली होती आणि शिकवणारे मन लावून शिकवत होते. तिथे राहण्याजेवण्याचा खर्च धरून हिशोब गिरणीच्या बाहेर जात होता. ते कॉलेज सोडताना तिला वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

मग ती जिल्ह्याच्या कॉलेजात गेली आणि बाईंना म्हणाली, "जर्नल दाखवा." बाईंनी कपाट उघडलं. पिवळी पडलेली, खाकी कव्हरांची जर्नल्स. त्यांत कुणाच्या आजीची स्मरणशक्ती मोजलेली होती, कुणाच्या भावाचा प्रतिक्रियाकाल. समासात लाल शाईने लिहिलेलं होतं, "हा निष्कर्ष या आकड्यांतून निघतो का?" एका जर्नलमध्ये एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की प्रयोग अपेक्षेप्रमाणे आला नाही. खाली लाल शाईत होतं, "छान. असंच लिहावं."

चांदणीच्या आरशाचा एक कोपरा टवका उडून गेलेला होता. मुलीने त्याच कॉलेजात बी.ए.चा फॉर्म भरला.

गिरणी तारण ठेवावी लागली नाही. मुलगी सकाळी एस.टी.ने जायची आणि संध्याकाळी डब्यांचे नंबर लावायची. संख्याशास्त्रात पहिल्या चाचणीत ती नापास झाली आणि मामा म्हणाले, "तरी सांगत होतो." पुढच्या चाचणीत पास झाली. वर्गातली मुलं पुढे वेगवेगळीकडे गेली. एक विशेष मुलांची शिक्षिका झाली, एक कारखान्यात कामगारांची भरती बघू लागला, एक पोलिसात गेली. त्यांतल्या कुणाचीच पदवी वाया गेली नाही. मुलीने पुण्याला एम.ए. केलं. प्रशिक्षणाच्या प्रवेशात पहिल्या वर्षी तिचं नाव लागलं नाही. ते एक वर्ष तिने एका व्यसनमुक्ती केंद्रात काढलं आणि दुसऱ्या वर्षी नाव लागलं. डॉक्टरांनी बोटांवर मोजलेली आठ वर्षं खरंच आठ भरली. परिषदेच्या नोंदवहीत नाव आलं त्या दिवशी वडिलांनी गिरणीला सुट्टी दिली नाही, पण दळणाचे पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

ही गोष्ट मी प्रवेशाच्या दिवसांत मुलांना सांगते, आणि दूरशिक्षणाची वाट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५पासून मानसशास्त्राच्या नव्या प्रवेशांना बंद केलीय, हेही सांगते. पाटीवरचं नाव बघून वाट निवडावीशी वाटते, आणि त्यात मुलांचा दोष नाही, कारण आपण मोठी माणसं त्यांना पाट्याच दाखवतो. पण पाटी वाटेच्या टोकाला असते आणि चालायचं रोज असतं. आकडे मोजणं, जर्नल लिहिणं, गप्प बसून ऐकणं, आपला अंदाज चुकला हे कबूल करणं, हे रोजचं काम ज्याला आवडेल त्याने ही वाट धरावी. मग अक्षरं कुठलीही असोत. दुःखात असलेल्या माणसांना अशी मुलं हवी आहेत, फार हवी आहेत.

परवा ती मुलगी सुट्टीला गावी आली होती. संध्याकाळची गिरणीत बसली होती. आत्या आता पोत्यांवर बसत नाही. घरचं दळण तीच आणते. तिने ज्वारीचा डबा काट्यावर ठेवला आणि म्हणाली, "पीठ जरा जाडसर…"

आणि थांबली. जुनी सवय, पुरती गेलेली नाही.

मागे चार बायका नंबरात होत्या. वडिलांचा हात वरच्या चक्रावर होता, जाडसर लावायला तयार. मुलीने मान हलवून त्यांना थांबवलं. सगळे थांबले.

"…नको या वेळी," आत्या म्हणाली. "बारीकच काढ."